दोन तास, मंगळवार आणि शुक्रवार

घरात म्हातारं माणूस असलं की बाईला स्वतःसाठी वेळ मिळत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आठवडाभर घड्याळ समोर ठेवून नोंद केली तेव्हा कळलं की ते अर्धंच खरं आहे. वेळ होता, पण तुकड्यातुकड्यांचा, आणि त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत हात मोकळे असले तरी कान अडकलेले असायचे. त्या नोंदीपासून निघून आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास घराबाहेर राहण्यापर्यंत पोहोचायला चार महिने लागले. काय केलं, कोणत्या क्रमानं केलं आणि कुठे फसलं ते इथे मांडते आहे. पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या ज्या बायका हेच करताहेत त्यांना क्रम आयता मिळाला तर महिना-दोन महिने वाचतील.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून पाहता येईल. ठाण्यात पाचपाखाडीतला तिसरा मजला, लिफ्ट आहे. आई ८१ वर्षांची. मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, थायरॉइड, गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालते. ऐकायला कमी येतं. दिवसा ठीक असते, संध्याकाळी विसर आणि गोंधळ वाढतो. भाऊ पुण्याला. मी ५१ वर्षांची.

पहिलं काम नोंदीचं. एका पानावर अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ चौकोन आखायचे, अशी सात पानं. प्रत्येक चौकोनात एकच अक्षर. ‘ह’ म्हणजे हात कामात आहेत: आंघोळ घालणं, भरवणं, कपडे, दवाखाना. ‘का’ म्हणजे हात मोकळे, पण कान आईच्या खोलीकडे. ‘डो’ म्हणजे कामाला हातही नाही, कानही नाही, पण डोक्यात तेच चाललंय: शुगरच्या पट्ट्या किती उरल्या, डॉक्टर कधी सुट्टीवर, मेडिक्लेमचा हप्ता कधी. यातलं काहीच नसेल तरच चौकोन रिकामा सोडायचा. चौकोन सकाळी ११, दुपारी ४ आणि रात्री ९ असे तीनदा भरायचे, त्यासाठी फोनवर अलार्म लावायचा. झोपताना एकदम भरायला बसलं की थकव्यामुळे सगळा दिवस ‘ह’च वाटतो आणि नोंदीचा उपयोग संपतो.

माझ्या सात पानांत ‘ह’ अपेक्षेपेक्षा कमी निघाले आणि ‘का’ कितीतरी जास्त. लागून दोन रिकामे चौकोन आठवड्यात एकदाच आले.

हा कानाचा वेळ नीट ओळखायला हवा, कारण घरच्यांच्या हिशेबात तो विश्रांतीत जमा होतो. आई झोपलीय, तू सोफ्यावर बसलीयस, मग झाली की विश्रांती! पण टीव्हीचा आवाज बारीक असतो, न्हाणीघराची कडी लावलेली नसते, पुस्तकाचं तेच पान तिसऱ्यांदा वाचून होतं आणि वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज आला की आपण वाक्य संपायच्या आत उभ्या असतो. अशा तासांची बेरीज कितीही झाली तरी थकवा उतरत नाही. म्हणून ‘घरातच जरा पड’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी चालत नाही. एकतर कान दुसऱ्या कुणाकडे सोपवायचे, नाहीतर आपण ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं. दोन्ही एकदम केलं तर उत्तम.

आता कान सोपवायचे तर समोरच्याला ठाऊक हवं की काय ऐकायचं. आणि ते सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात होतं. आमच्याकडे खरी अडचण माणूस मिळण्याची नव्हती, ही होती. ‘तुला जमणार नाही, राहू दे, मीच करते’ हे मी दिवसातून चारदा म्हणत होते, आणि तेव्हापुरतं ते खरंही होतं. त्यामुळे दुसरं काम म्हणजे कागद.

एकच पान, पाठपोट. पुढे घड्याळाप्रमाणे दिवस, मागे ‘काही झालं तर’. अक्षर मोठं, भाषा घरातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरं तशीच उतरवायची नाहीत. ‘जेवणाआधी’ असंही मोघम लिहायचं नाही, किती मिनिटं आधी ते लिहायचं. गोळीच्या नावाशेजारी तिच्या पाकिटाचा तुकडा चिकटपट्टीनं लावायचा. कंपनी बदलली की रंग बदलतो आणि चूक तिथेच होते.

पुढच्या बाजूला काय असतं याचा नमुना देते. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-दूध निदान अर्ध्या तासानं. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तास द्यायची नाही, कारण तिच्यामुळे थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. हे चार तास घरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते. इन्सुलिन मी स्वतः देते, बदली माणसानं द्यायचं नाही, हे ठळक. श्रवणयंत्राची नवी बॅटरी घालताना तिचं स्टिकर काढून मिनिटभर तशीच ठेवायची आणि मग बसवायची. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. खुर्चीतून उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. आधी आईला खुर्चीच्या कडेवर पुढे आणायचं, पावलं मागे, मग पुढे वाकायला सांगायचं. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की माणूस जवळजवळ आपणहून उठतं, आपण फक्त पाठीशी हात ठेवायचा. आणि आईचे शब्द: ती ‘बाहेर’ म्हणाली की तिला संडासला जायचं असतं, ‘पुरे’ म्हणाली की पाणी हवं असतं. हे दोन शब्द कागदावर नव्हते तोवर आईला दुसऱ्यावर सोपवण्याचे पहिले प्रयत्न फसत राहिले.

मागच्या बाजूला तीनच प्रसंग ठेवले. जास्त लिहिले तर वेळेला कुणी वाचत नाही.

साखर उतरणं: घाम, थरथर, अचानक चिडचिड, जीभ अडखळणं. लगेच बोट टोचून बघायचं. ७०च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर अर्धा कप पाण्यात ढवळून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आल्यावर पोळी किंवा बिस्किटं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ला फोन.

पडणं: धावत जाऊन उचलायचं नाही. आधी कुठे दुखतंय ते विचारायचं. कमरेजवळ किंवा जांघेत दुखत असेल, किंवा एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर हलवायचं नाही. उशी, पांघरूण आणि फोन.

तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोलणं अचानक अस्पष्ट होणं: किती वाजता सुरू झालं ते आधी लिहून ठेवायचं, मग १०८, मग मला. ती वेळ रुग्णालयात पहिल्यांदा विचारतात, कारण पक्षाघातावरचं गुठळी विरघळवणारं औषध ठरावीक तासांतच देता येतं.

कागदाच्या तळाशी लाल फोल्डर कुठे टांगलाय ते. त्यात आधारची प्रत, विम्याचं कार्ड, शेवटच्या तपासण्या, चालू औषधांची यादी. कागदावर उजव्या कोपऱ्यात तारीख.

कागद झाल्यावर तो आमच्या पोळ्यावाल्या मावशींकडून एकदा मोठ्यानं वाचून घेतला. जिथे अडखळल्या तिथला शब्द बदलला. ‘अनशापोटी’ कळलं, ‘उपाशीपोटी’वर मात्र ‘उपास आहे का?’ असा प्रश्न आला. वाचून घेतलं नसतं तर हे कळलंच नसतं.

माणूस कोण? आठवड्याला चार तासांसाठी, काळजी घ्यायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडे जाण्यात अर्थ नाही. ब्युरो बहुतेक १२ किंवा २४ तासांच्या बोलीवर बाई देतात. ज्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना तेच लागतं. आमच्यासारख्या घरी मात्र रोज ओळखीच्या असलेल्या पोळ्यावाल्या मावशी, किंवा सोसायटीतल्याच एखाद्या निवृत्त बाई, जास्त चालतात. आईला चेहरा ठाऊक असतो, हे मोठं काम आधीच झालेलं असतं. पगार तासावर आणि वेगळा. पोळ्यांच्या पैशांत ‘जरा बसाल का दोन तास’ असं मिसळलं की दोन महिन्यांत कुरबुर सुरू होते, आणि ती रास्तच असते.

एक अट माझ्या बाजूनंही पाळावी लागते: त्या दोन तासांत त्यांना दुसरं काम द्यायचं नाही. भांडी घासायला दिली की त्यांचे कान मोरीत. आपण ज्यासाठी पैसे देतो ते कान. नुसत्या बसलेल्या दिसल्या तर बसू द्यायचं. हे मला सगळ्यात जड गेलं.

सोपवणं चार टप्प्यांत केलं, प्रत्येक टप्पा आठवडाभर. पहिल्या आठवड्यात मी घरातच, पण दुसऱ्या खोलीत, दार लावून; आईनं हाक मारली तरी उठायचं नाही, मावशींनी जायचं. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास बिल्डिंगखाली. तिसऱ्यात एक तास, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. चौथ्यात पूर्ण दोन तास. टप्पा गाळला की पाय मागे येतो. मी तिसऱ्या टप्प्यावर असताना एकदा आईला झोप लागलेली बघून गुपचूप निघून गेले. ती जागी झाली, मी दिसेना, घाबरली. पुढे दोन आठवडे मला दारापर्यंतही जाऊ देईना, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. सांगून जायचं, रडारड झाली तरी सांगून. वाक्य नेहमी एकच: ‘आज मंगळवार, बाराला येते.’ पांढऱ्या फळ्यावर बारा वाजल्याचं घड्याळ काढून समोर ठेवलं की विसरणाऱ्या माणसालाही पुन्हा पुन्हा विचारण्याऐवजी बघता येतं.

‘मला काय झालंय? बाई कशाला?’ हे तर येणारच. ‘माझ्यासाठी’ म्हटलं तर आईला ती ओझं आहे असं वाटतं, ‘तुझ्यासाठी’ म्हटलं तर अपमान. आम्हाला तिसरा रस्ता लागू पडला: त्या दोन तासांचं काहीतरी आईच्या हाती देणं. मंगळवारी वालाच्या शेंगा सोलायच्या, शुक्रवारी मेथी निवडायची, आणि मावशींना कसं करायचं ते आईनं सांगायचं. भाजी निवडून झाली नाही तरी हरकत नाही. मात्र मधुमेह असेल तर समोर शेंगदाणे-खजूर ठेवून जाऊ नये, गप्पांत किती गेले ते कळत नाही.

दोन तास कोणते, याला कारण आहे. विसराळूपणाच्या आजारात दुपार कलली की गोंधळ वाढतो, चार ते सातची वेळ सगळ्यात अवघड. नोकरी करणाऱ्या बायकांना सोयीची नेमकी तीच असते, आणि बहुतेकींचा प्रयत्न तिथेच मोडतो. सकाळी १० ते १२ हा काळ आमच्याकडे सगळ्यात शांत: न्याहारी, इन्सुलिन, आंघोळ झालेली, जेवण आणि पुढची गोळी बारानंतर. नोकरी असेल तर शनिवार-रविवारची सकाळ धरा, संध्याकाळ नको.

भावाशी बोलणं हा वेगळा टप्पा. आतापर्यंत तो ‘काही लागलं तर सांग’ म्हणत होता आणि मी काही सांगत नव्हते. त्याच्या वाक्यात लबाडी नव्हती. पण काय लागेल ते ओळखणं, ठरवणं आणि सांगणं हे तीन-चतुर्थांश काम माझ्याकडेच राहत होतं. म्हणून मदत मागितली नाही, अख्खी खाती दिली. ‘औषधं पाठव’ असं सांगितलं तर लक्षात ठेवायचं काम मलाच. ‘औषधं तुझ्याकडे’ म्हटलं की १५ दिवसांचा साठा उरला की मागवणं, चिठ्ठी नवी करून घेणं, कंपनी बदलली तर मला कळवणं, सगळं त्याचं. तसंच विमा, वीजबिल, गॅस, डॉक्टरांची वेळ घेणं. आईच्या फॅमिली पेन्शनचा हयातीचा दाखलाही त्याच्याकडे: दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा असतो, केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, आणि आता ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सोयीत फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवूनही होतो. लांब राहणाऱ्याला ही सगळी कामं जमतात. मंगळवारी सव्वादहाला व्हिडिओ कॉल हेही त्याचंच, म्हणजे मी बाहेर पडल्यावरचा पहिला अवघड अर्धा तास भरून निघतो.

पहिल्या महिन्यात त्याच्याकडून शुगरच्या पट्ट्या संपल्या. मी धावत जाऊन आणल्या नाहीत. त्याला फोन करून ‘तुझ्याकडचं खातं आहे’ इतकंच सांगितलं आणि त्यानं दुपारपर्यंत पोहोचवल्या. पट्ट्या दोन तास उशिरा आल्या तर चालतं. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र असं ताणायचं नाही, त्याची एक पेन फ्रिजमध्ये जास्तीची असलीच पाहिजे.

आणि पैसे. मावशींचे चार तास आईच्या पेन्शनमधून द्यायला मी बिचकत होते. खूप मुली बिचकतात, विशेषतः लग्न झालेल्या, जणू माहेरचे पैसे खाल्ले. तो खर्च आईच्या काळजीचा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ मध्ये ‘मुलं’ या शब्दात मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. जबाबदारी सगळ्या भावंडांची आहे, तर हिशेबही सगळ्यांसमोर असावा. मी महिन्याचा खर्च एका वहीत लिहून त्याचा फोटो भावाला पाठवते. सासू-सासऱ्यांचं करणाऱ्या सुनांना हे आणखी अवघड जातं, कारण तिथे हिशेब मांडला की लगेच ‘करणं काढलं’ असं होतं. तिथे वही नवऱ्यानं लिहावी.

आता घराबाहेर कुठे. पहिला नियम अंतराचा. जाणं-येणं मिळून अर्ध्या तासाच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे दोन तासांतले दीड तास हातात राहतात. घोडबंदर रोडवर राहणारीनं तलावपाळीला यायचं ठरवलं तर दोन तास रिक्षातच संपतील. तिनं जवळचा बागेतला बाक धरावा. मला महापालिकेजवळचा कचराळी तलाव चालत जाण्यासारखा आहे. पावसाळ्यात छप्पर हवं, तेव्हा वाचनालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. वाचनालयाचा मोठा गुण असा की तिथे एकट्या बसलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही आणि चहाही मागवावा लागत नाही. तलावपाळी सकाळी चांगली, संध्याकाळी गर्दीमुळे कान पुन्हा कामाला लागतात. नवी मुंबईकरांना वाशीचा मिनी सीशोर आहे, नेरूळची ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ ही बाग आहे. शिवाय चालती-फिरती आई किंवा वडील असतील तर पालिकेची ज्येष्ठांसाठीची विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे ते दोन तास बसले तर उलटा मार्गही निघतो: ते बाहेर, तुम्ही घरी.

फोन बंद ठेवता येत नाही, उघडा ठेवला तर सुटका नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून मावशी आणि भाऊ हे दोनच नंबर वाजू द्यायचे. त्यातच एक सोय असते, की त्याच नंबरावरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. शेजाऱ्यांना तेवढं सांगून ठेवायचं. घरात कॅमेरा असेल तर असू द्या, पण त्या दोन तासांत त्याचं अॅप उघडायचं नाही. कॅमेरा म्हणजे लांबवलेला कान. माझा पहिला महिना त्यानंच खाल्ला: तलावाच्या बाकावर बसून मी आईची खुर्ची बघत होते.

दुसरी गळती कामांची. ‘आलेच आहे तर’ बँक, ‘आलेच आहे तर’ केमिस्ट. पहिल्या सहा फेऱ्यांपैकी चार माझ्या अशाच गेल्या. मग पिशवी बदलली. कामाची कापडी पिशवी घरी, बरोबर फक्त लहान पर्स: वही, पेन, पाणी, छत्री. चिठ्ठ्या आणि पासबुक जवळ नसलं की काम करताच येत नाही.

पहिले तीन-चार आठवडे काहीही ठरवू नये. अंगातली झोप आधी वर येते. बाकावर डोळे मिटतात, डोळ्यांत पाणी येतं, काही सुचत नाही. ते होऊ द्यायचं. मग वही. मी जी पद्धत धरली ती साधी आहे. १९८०च्या दशकात जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं अभ्यासलेली: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनात जे सगळ्यात जास्त टोचतंय त्यावर न थांबता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. सलग चार दिवस आमच्या बेतात बसत नव्हते, म्हणून मी दोन आठवड्यांच्या चार फेऱ्यांत लिहिलं. त्यानंही चाललं. लिहून झाल्यावर तासभर मन आणखी खाली जातं, हे माहीत असू द्या, आणि म्हणून लिहिणं दोन तासांच्या सुरुवातीला ठेवा. शेवटी ठेवलं तर तेच मन घेऊन आपण दार उघडतो आणि पहिलं वाक्य कडू निघतं. झोपण्यापूर्वी तर नकोच. वही घरात उघड्यावर ठेवायची नाही. आई-वडिलांबद्दल जे लिहिलं जातं ते रागाचंही असतं, आणि ते त्यांच्या हाती लागलं तर त्यांना ते पेलणार नाही. माझी चार पानं मी फाडून टाकली. फाडली तरी लिहिल्याचा उपयोग जात नाही.

त्यानंतर महिन्याला एक प्रश्न, तोच चार-पाच फेऱ्या पुरतो. आज मी केलेल्यांपैकी कोणतं काम माझंच होतं आणि कोणतं सवयीनं माझ्याकडे आलं? आईच्या कोणत्या गोष्टीचा राग येतो, आणि ती गोष्ट आजाराची आहे की तिची? वडील गेले तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आईशी आता बोलता येईल का? आणि सगळ्यात अवघड: आई नसेल त्या दिवशी सकाळी सात वाजता मी काय करत असेन? या प्रश्नावर माझं पान तीन फेऱ्या कोरं राहिलं. पण तोच लवकर विचारावा असं मला मनापासून वाटतं. दहा वर्षं दुसऱ्याच्या औषधांच्या वेळांवर उठलेल्या बाईला ती वेळ रिकामी झाल्यावर उभं राहायला काहीतरी आधीपासून लावलेलं लागतं: गाण्याचा क्लास, अर्धवेळ काम, एखादी मैत्रीण.

शरीराचा विषय इथेच येतो. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते, सलग १२ महिने आली नाही म्हणजे गेली. त्याआधीची काही वर्षं रात्रीचा घाम, तुटक झोप, विसरणं, चिडचिड. नेमक्या याच वर्षांत आई-वडील आपल्यावर येतात, त्यामुळे सगळं ‘आईमुळे झोप होत नाही’ या एका वाक्यात जमा होतं. वेगळं करायला सात रात्री उशाशी कागद ठेवा आणि जाग आली की का आली तेवढं लिहा: हाक, घाम, लघवी, काहीच नाही. माझ्या कागदावर निम्म्या वेळा हाक नव्हतीच. तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलं की पाच मिनिटांत मुद्द्याचं बोलणं होतं.

तपासण्यांसाठी वेगळा दिवस निघत नाही, तो काढायचाही नाही. आईचं रक्त न्यायला लॅबचा माणूस घरी येतो, त्याच सकाळी आपलं नाव जोडायचं: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२, डी जीवनसत्त्व. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता जास्त असते, एवढं कारण पुरे. आपल्या रिपोर्टचा फोल्डर वेगळ्या रंगाचा.

घरी परतल्यावरची दहा मिनिटं बिघडली तर दोन तास वाया जातात. आई तक्रार करणारच: मावशींनी पाणी दिलं नाही, कुणीच बोललं नाही. लगेच मावशींची उलटतपासणी घ्यायची नाही. हात धुवायचे, आईजवळ दहा मिनिटं नुसतं बसायचं. मग दाराशी मावशींना तीन प्रश्न: पाणी किती पेले, लघवीला किती वेळा, काही वेगळं वाटलं का. उत्तरं त्याच कागदाच्या शेजारी टांगलेल्या वहीत. महिन्याभरात आईच्या तक्रारी आणि वही यांतला फरक दिसू लागतो, आणि कधीकधी तक्रार खरी निघते. आमच्याकडे पाण्याची निघाली. पेला जड होता, मावशी पुढ्यात ठेवत होत्या, आईला उचलत नव्हता. हलका दोन कानांचा कप आणला.

वेळापत्रक मोडायचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतात. गणपती, होळी, मे महिन्यात मावशी गावी जातात. जुलैत दोनचार दिवस रूळ पाण्याखाली जातात आणि दिव्याहून, मुंब्र्याहून येणारं माणूस पोहोचत नाही. यासाठी आपल्याच विंगमधलं दुसरं माणूस तयार ठेवावं लागतं, आणि त्यालाही चार नाही तरी दोन टप्पे द्यावेच लागतात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, कुणीतरी म्हणतंच, ‘आम्ही आहोत की, जा तू.’ कागद हातात देऊन खरंच जावं. खाडा झाला तर भरपाई त्याच आठवड्यात घ्यायची, पुढच्यावर ढकलायची नाही. दोन आठवडे सलग गेले की मावशींची सवय मोडते, आईची मोडते आणि आपलीही.

आणि हे दोन तास पुरणार नाहीत अशीही वेळ येते. दोन आठवडे रोज उदास वाटणं, झोप किंवा भूक गेलेली असणं, आईचा हात रागानं ओढला जाणं, ‘संपून जावं’ असं मनात येणं, यातलं काही होत असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. हात ओढला गेला हे सांगायची लाज वाटते. तरी तेच पहिल्यांदा सांगा, कारण तिथून आईची आणि तुमची दोघींची सोय सुरू होते: रात्रीची बाई, औषधांत बदल, काही दिवस दुसऱ्या कुणाकडे मुक्काम.

सध्या आमच्या दाराआड टांगलेला कागद सातवा आहे. औषध बदललं की त्याच दिवशी नवा लिहायचा आणि जुना फाडायचा. दोन कागद एका खिळ्यावर ठेवायचे नाहीत. एक प्रत भावाकडे, एक शेजारी. पुढच्या महिन्यापासून भाऊ दर दुसऱ्या रविवारी पूर्ण दिवस येणार आहे. इन्सुलिनची पेन धरून बसायला त्याला मागच्या वेळी शिकवलं: सुई नवी, आधी दोन युनिट हवेत सोडायची, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढायची. तो पाचवरच काढत होता. या रविवारी मी समोर बसून मोजून घेणार आहे.